क्रीडा फिजिओथेरपीचे विद्यार्थी हाताखाली घेताना: मैदानावरच्या मार्गदर्शकासाठी क्रमवार कार्यपद्धती

ठाणे आणि नवी मुंबईतील क्लब, अकादम्या आणि खासगी दवाखान्यांत फिजिओथेरपीचे विद्यार्थी पोस्टिंगसाठी येतात आणि त्यांतील बऱ्याच जणांचे पोस्टिंग एकाच पद्धतीने वाया जाते. पहिले तीन आठवडे विद्यार्थी भिंतीला टेकून उभा राहतो, बर्फाच्या पिशव्या भरतो आणि मशीनचे पॅड लावतो. चौथ्या आठवड्यात मार्गदर्शकाला दुसरीकडे जायचे असते, म्हणून एका सायंकाळी त्याच्या हातात अचानक पिशवी देऊन ‘आज तू सांभाळ’ असे सांगितले जाते. या दोन टोकांच्या मध्ये जे घडायला हवे, म्हणजे जबाबदारी एकेक कौशल्य पाहून, आधी ठरवून आणि उघडपणे सांगून सोपवणे, तेच बहुतेक ठिकाणी घडत नाही. पुढील टप्पे त्यासाठी आहेत.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावी लागेल. अमेरिकेत ‘अॅथलेटिक ट्रेनर’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामावर शिकवणाऱ्यास ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. त्याची कर्तव्ये तेथील अभ्यासक्रमाच्या मान्यतेच्या नियमांत लिहिलेली असतात. आपल्याकडे मैदानावरचे हे काम प्रामुख्याने फिजिओथेरपिस्टच करतो आणि विद्यार्थी हा बहुधा पदवीच्या शेवटच्या वर्षाचा, इंटर्न किंवा पदव्युत्तर वर्गातला असतो. मैदानावर विद्यार्थ्याने काय करावे आणि काय करू नये याची तयार चौकट आपल्याला कोणी आणून देत नाही. ती मार्गदर्शकाने स्वतः लिहून काढावी लागते. म्हणूनच पहिला टप्पा सर्वांत मोठा आहे.

## टप्पा १: विद्यार्थी येण्यापूर्वीची तयारी

ही तयारी किमान आठवडाभर आधी करावी. विद्यार्थी दारात उभा राहिल्यावर ‘तुमचं पत्र आहे का?’ असे विचारणारा मार्गदर्शक पुढचे दोन महिने त्याच गोंधळात राहतो.

१.१ महाविद्यालयाकडून लेखी घ्यावयाच्या गोष्टी. पोस्टिंगच्या तारखा, विद्यार्थ्याचे वर्ष, महाविद्यालयातील जबाबदार शिक्षकाचे नाव व फोन, लॉगबुकमध्ये कोणत्या कौशल्यांवर सही अपेक्षित आहे त्याची यादी, आणि विद्यार्थ्याला अपघात झाल्यास खर्च कोण उचलणार याचे उत्तर. शेवटचा मुद्दा विचारायला संकोच वाटतो, परंतु मैदानावर चेंडू विद्यार्थ्यालाही लागतो. मूलभूत जीवरक्षणाचे प्रशिक्षण झाले आहे का, आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वाताच्या लसी झाल्या आहेत का, हेही याच पत्रात विचारून घ्यावे. कबड्डीच्या मॅटवर रक्त दिसणे ही रोजची गोष्ट आहे.

१.२ कौशल्यांचे तीन रकाने. एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिला ‘फक्त पाहील’, दुसरा ‘मी हाताच्या अंतरावर असताना करील’, तिसरा ‘मी आवारात असताना एकटा करील’. तुमच्या जागी होणारे प्रत्येक काम, अगदी बर्फ लावण्यापासून, यांपैकी एका रकान्यात गेले पाहिजे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी माझ्याकडे पहिल्या दिवशी तिसऱ्या रकान्यात चारच गोष्टी असतात: सरावापूर्वीचा वॉर्मअप घेणे, किरकोळ खरचटल्यास जखम धुऊन झाकणे, बर्फ व दाब पट्टी लावणे आणि आधीच ठरवून दिलेले व्यायाम करून घेणे. घोट्याचे टेपिंग दुसऱ्या रकान्यात. गुडघ्याच्या अस्थिबंधनांच्या चाचण्या पहिल्या रकान्यात, आणि तेथून त्या केव्हा सरकतील ते टप्पा ५ मध्ये सांगितले आहे.

कागद विद्यार्थ्याला दाखवावा आणि भिंतीवर लावावा. एखादे काम एका रकान्यातून दुसऱ्यात गेले की तारीख घालून खूण करावी. ही एवढीशी गोष्ट न केल्यामुळे विद्यार्थी आपल्याच अंदाजाने पुढे जातो किंवा आपल्याच भीतीने मागे राहतो.

१.३ कोणत्याही रकान्यात न बसणारी कामे. पुढील कामे विद्यार्थ्याकडे पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशीही जाणार नाहीत, हे आधीच लिहून ठेवावे.

- खेळाडू आज पुन्हा उतरू शकेल की नाही, याचा निर्णय.
- डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला ‘ठीक आहे’ असे सांगणे.
- मानेला झटका देऊन केली जाणारी कोणतीही हाताळणी.
- गोळी, पावडर, पूरक आहार किंवा इंजेक्शन यांविषयी सल्ला देणे, अथवा स्वतःच्या पिशवीतली वेदनाशामक गोळी खेळाडूला देणे.

चौथ्या मुद्द्यावर विद्यार्थी हमखास म्हणतात, ‘साधी डोकेदुखीची गोळी तर होती.’ औषध देणे हे आपले काम नाही, हे एक कारण झाले. दुसरे असे की उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूवर येते, मग ते कोणी का दिलेले असेना. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत विद्यार्थ्याचा चांगुलपणा त्या मुलाला महागात पडू शकतो.

१.४ खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांची संमती. ‘आमच्याकडे विद्यार्थी शिकतात’ ही पाटी पुरेशी नाही. विद्यार्थी तपासणार आहे हे प्रत्येक खेळाडूला विचारून घ्यावे आणि नकार दिल्यास तो निमूट स्वीकारावा. १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. मुलामुलींच्या संघासोबत काम करताना विद्यार्थी अल्पवयीन खेळाडूला कधीही बंद खोलीत एकटा तपासणार नाही, तेथे तिसरी प्रौढ व्यक्ती असेल आणि मुलींच्या बाबतीत ती शक्यतो स्त्री असेल, हा नियम विद्यार्थ्याला पहिल्याच फोनवर सांगावा. तो खेळाडूचे जसे रक्षण करतो तसे विद्यार्थ्याचेही करतो.

इशारा: एका मार्गदर्शकाने मैदानावर एका वेळी दोनपेक्षा अधिक विद्यार्थी घेऊ नयेत. दवाखान्यात तिसरा सांभाळता येतो. मैदानावर तिसऱ्याकडे पाठच होते.

तपासा: पत्र आले का? तीन रकाने लिहिले का? प्रशिक्षकाला विद्यार्थ्याचे नाव आणि मर्यादा सांगितली का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर तारीख पुढे ढकलावी.

## टप्पा २: पहिला दिवस मैदानासाठी

पहिल्या दिवशी रुग्ण दाखवू नये. मैदान दाखवावे.

२.१ चालत फेरी. विद्यार्थ्याला घेऊन संपूर्ण आवार फिरावे. रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येईल, त्या फाटकाला कुलूप असते का, किल्ली कोणाकडे असते, रात्री तो माणूस कुठे सापडतो, बर्फ कुठे मिळतो, पाण्याचा नळ आणि सावली कुठे आहे, हे त्याने स्वतःच्या हाताने नकाशावर लिहावे. १०८ ला फोन केल्यावर पत्ता कसा सांगायचा ते पाठ करून घ्यावे, कारण ‘घोडबंदर रोडवरचं ग्राउंड’ हा पत्ता होत नाही. जवळची कमान, सोसायटीचे नाव, वळण आणि फाटकाचा क्रम असा तो सांगता आला पाहिजे.

जवळचे मोठे रुग्णालय कोणते, हे नकाशावरच्या अंतरावरून ठरवू नये. शनिवारी सायंकाळी घोडबंदर रस्त्यावर जे अंतर असते ते मंगळवारी दुपारी नसते. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात जायचे असेल तर खाडीपूल मध्ये येतो. वाशी किंवा नेरूळच्या बाजूला मैदान असेल तर सामना सुटल्यावरची गर्दी कोणत्या रस्त्याला लागते तेही पाहावे. विद्यार्थ्याला दोन्ही वेळांना एकदा प्रत्यक्ष जाऊन वेळ मोजायला लावावा. हे त्याला कंटाळवाणे वाटते, तरी करून घ्यावे.

२.२ भूमिका बोलून घेणे. खेळाडू बेशुद्ध पडला तर डोके कोण धरेल, फोन कोण करेल, फाटकावर कोण जाईल, छातीवर दाब कोण सुरू करेल? प्रत्येकाने आपली भूमिका मोठ्याने म्हणावी आणि मग एकदा ती रिकाम्या मैदानावर करून पाहावी. प्रौढ व्यक्तीसाठी मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि ३० दाबांमागे २ श्वास, हे प्रत्येकाला येत असते; परंतु ‘मी फोन करतो’ असे प्रत्यक्षात कोणी म्हणत नाही, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केला असेल.

२.३ पिशवी विद्यार्थ्याने भरावी. यादी तुम्ही द्यावी, भरावी त्याने, आणि दर सामन्यानंतर पुन्हा मोजावी त्यानेच. टेप कोणत्या कप्प्यात आहे हे शोधण्यात गेलेला वेळ खेळाडूच्या वेदनेत धरला जातो.

२.४ थांबण्याचा शब्द. विद्यार्थी तपासत असताना तुम्हाला मध्येच थांबवावे लागले, तर ते खेळाडूच्या देखत विद्यार्थ्याचा अपमान न होता झाले पाहिजे. त्यासाठी आधी एक वाक्य ठरवावे. आमच्याकडे ते ‘जरा मलाही बघू दे’ असे आहे. ते ऐकले की विद्यार्थी हात काढतो, प्रश्न विचारत नाही. कारण नंतर सांगितले जाते. हा करार पहिल्याच दिवशी व्हावा.

## टप्पा ३: पाहणे कामाचे करणे

पाहण्याचा काळ आवश्यक असतो, परंतु काय पाहायचे ते न सांगितल्यास विद्यार्थी तुमच्या हातांकडे पाहतो आणि खेळाडूकडे पाहत नाही. दर सत्रापूर्वी एकच काम द्यावे. आज फक्त हे पाहा की चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना कोणत्या पायावर वळतो. आज फक्त हे लिही की मी इतिहास घेताना कोणता प्रश्न दोनदा विचारला आणि का. खो-खोच्या सरावात खांबाजवळ सूर मारणाऱ्यांपैकी कोण हात आधी टेकवतो आणि कोण खांदा, एवढेच मोज. सत्र संपल्यावर त्याने दोन ओळींत सांगावे.

या काळात मार्गदर्शकाने मोठ्याने विचार करावा. ‘सूज बाहेरच्या बाजूला आहे, पण मी आधी आतली बाजू दाबतेय, कारण…’ असे बोलत तपासले की विद्यार्थ्याला हाताच्या मागचा विचार ऐकू येतो. अनुभवी माणसाला हे जड जाते, कारण त्याचा विचार इतका सवयीचा झालेला असतो की तो त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही.

नेहमीची चूक: दवाखान्यात गर्दी असते म्हणून विद्यार्थ्याला मशीन लावण्याच्या कामाला जुंपणे. अल्ट्रासाउंडचे हेड फिरवण्याचे काम त्याला तिसऱ्या दिवशी येते. पुढचे पन्नास दिवस ते करून घेण्याला शिकवणे म्हणत नाहीत. हा दोष मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ केला आहे आणि तेव्हा त्याला ‘हात बसणे’ असे गोंडस नाव दिले होते.

हा टप्पा साधारण आठवडाभर पुरतो. दोन आठवड्यांपलीकडे तो गेला तर तुम्ही विद्यार्थ्याला नव्हे, स्वतःला सुरक्षित ठेवत आहात.

## टप्पा ४: केस ऐकून घेण्याची रीत

शिकवण्याचा मोठा भाग येथे घडतो आणि बिघडतोही येथेच. विद्यार्थी दोन वाक्ये बोलतो, मार्गदर्शक तिसऱ्या वाक्याला निदान सांगून मोकळा होतो. त्यानंतर विद्यार्थी फक्त मान डोलावतो. वैद्यकीय शिक्षणात ‘एका मिनिटाचा प्रिसेप्टर’ या नावाने ओळखली जाणारी पाच पावलांची पद्धत येथे उत्तम चालते, मात्र पावलांचा क्रम मोडता कामा नये.

1. विद्यार्थ्याला काय वाटते ते आधी वदवून घ्यावे. ‘तुला काय वाटतं?’ असे विचारल्यावर गप्प राहावे. मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. बहुतेक मार्गदर्शक तीनवरच बोलू लागतात.
2. असे का वाटते, याचा पुरावा मागावा.
3. त्या केसमधून पुढे उपयोगी पडेल असा एकच सर्वसाधारण नियम सांगावा.
4. जे बरोबर केले ते नेमके नाव घेऊन सांगावे.
5. जे चुकले ते दुरुस्त करावे.

पाचवे पाऊल आधी आले की पहिले चार होत नाहीत. एक प्रसंग पाहू. इंटर्न मुलगी पडद्याबाहेर येऊन सांगते:

“मॅडम, १६ वर्षांचा चढाईपटू आहे. काल सरावात उजवा पाय मुरगळला. बाहेरच्या बाजूला सूज आहे. मला लिगामेंट स्प्रेन वाटतो, ग्रेड टू.”

“बरं. फ्रॅक्चर नाही, हे कशावरून?”

“तो चालत आत आला.”

“लागलं तेव्हा लगेच चालला होता का?”

“ते विचारलं नाही, मॅडम.”

“हाड कुठे कुठे दाबून बघितलंस?”

“बाहेरच्या घोट्याचं टोक. तिथे दुखलं नाही.”

“आणि मागची कड? वरपर्यंत?”

ती परत आत जाते. ओटावा नियमांप्रमाणे (मुरगळलेल्या पायाला एक्स-रे लागेल का ते ठरवणारे नियम) घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही हाडांची टोके आणि मागची कड खालच्या ६ सेंटिमीटरपर्यंत दाबायची असते. पायात पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीकडच्या लांब हाडाचा) पाया आणि नॅव्हिक्युलर हाड (पावलाच्या मध्यावर आतल्या बाजूचे) तपासायचे असते. आणि लागल्याबरोबर तसेच तपासणीच्या वेळी, अशा दोन्ही वेळांना चार पावले टाकता आली का ते विचारायचे असते. ती बाहेर येते तेव्हा मागच्या कडेवर, टोकापासून थोडे वर, बोटाएवढी दुखरी जागा तिला सापडलेली असते आणि ‘एक्स-रेला पाठवूया’ हे वाक्य तिचे असते, माझे नसते. मग नियम: वाढत्या वयात अस्थिबंधनापेक्षा (लिगामेंटपेक्षा) वाढीची पट्टी, म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा अजून वाढणारा भाग, कच्ची असू शकते, म्हणून या वयात हाड आधी, अस्थिबंधन नंतर. मग बरोबर काय: खेळाडू वेदनेत असतानाही तिने दोन्ही पायांची तुलना केली होती. आणि शेवटी चूक: चालत येणे आणि लगेच चालता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याला चार-पाच मिनिटे लागली. उत्तर मीच सांगितले असते तर अर्धे मिनिट लागले असते आणि पुढच्या घोट्यालाही तिने टोकच दाबले असते.

इशारा: ही प्रश्नोत्तरे खेळाडू आणि पालकांच्या कानावर पडणार नाहीत अशी करावीत. ‘फ्रॅक्चर नाही कशावरून?’ हा प्रश्न ऐकणाऱ्या पालकाला शिकवणे ऐकू येत नाही, फक्त फ्रॅक्चर ऐकू येते.

## टप्पा ५: हात लावू देणे

कौशल्य शिकवण्याचा क्रम चार पावलांचा असतो. प्रथम तुम्ही नेहमीच्या गतीने न बोलता करून दाखवावे. दुसऱ्यांदा तुम्ही सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत करावे. तिसऱ्यांदा विद्यार्थ्याने बोलावे आणि तो सांगेल तसे तुम्ही करावे. चौथ्यांदा त्याने करावे. तिसरे पाऊल सगळेच गाळतात आणि विद्यार्थ्याच्या मनातील गोंधळ उघडा पडतो तो नेमका त्याच पावलावर.

गुडघ्याच्या लॅकमन चाचणीचे (आतले पुढचे अस्थिबंधन फाटले आहे का ते पाहणारी चाचणी) उदाहरण घ्या. गुडघा २० ते ३० अंशांत वाकलेला हवा, एका हाताने मांडी स्थिर, दुसऱ्याने नडगीचे हाड पुढे. विद्यार्थी हे घडाघडा म्हणतो. पण त्याला ‘आता मला सांग’ असे म्हटले की मांडीमागचा स्नायू सैल आहे का ते कसे ओळखायचे, हे तो सांगत नाही, कारण त्याने ते कधी पाहिलेलेच नसते. खेळाडू घाबरून पाय आवळून धरतो आणि फाटलेले अस्थिबंधनही घट्ट भासते.

म्हणून माझा नियम असा: प्रथम निरोगी गुडघे, निदान वीस, वर्गमित्रांचे आणि संघातील तयार असणाऱ्या खेळाडूंचे. लठ्ठ, सडपातळ, सैल, ताठ असे सर्व प्रकार. मग जुन्या, निदान झालेल्या केसेस. मग नवी दुखापत, तीही चांगला पाय आधी तपासून आणि माझ्यानंतर नव्हे तर माझ्या आधी, म्हणजे माझे मत ऐकून त्याचे बोट तसे जाणवून घेणार नाही. आम्ही दोघे आपापले उत्तर कागदावर लिहितो आणि मग उघडतो. सलग पाच वेळा जुळले की ती चाचणी दुसऱ्या रकान्यात जाते.

टेपिंगबाबत थोडक्यात: विद्यार्थी टेप सुंदर लावतात आणि नंतर बघत नाहीत. लावण्यापूर्वी त्वचेवर जखम किंवा पूर्वीची अॅलर्जी आहे का, लावल्यानंतर बोटांचा रंग, संवेदना आणि नखावर दाबून सोडल्यावर रक्त परत येण्याचा वेळ (साधारण २ सेकंदांच्या आत), हे तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नये.

तपासा: भिंतीवरच्या कागदावर या आठवड्यात एक तरी खूण पुढे सरकली का? नसेल तर अडचण विद्यार्थ्याची आहे की तुमच्या वेळेची, ते प्रामाणिकपणे लिहावे.

## टप्पा ६: सामन्याच्या दिवशी जबाबदारी देणे

मैदानावर क्रम असा ठेवावा: पहिला सामना, पिशवी धरून माझ्या मागे. दुसरा, माझ्या बरोबरीने आत, नोंद करायला. तिसरा, तो पुढे आणि मी दोन पावले मागे. त्यानंतर किरकोळ दुखापतींना तो पुढे जातो, मात्र मी नजरेच्या टप्प्यात असते. ‘नजरेच्या टप्प्यात’ याचा अर्थ शब्दशः घ्यावा, आणि तो मी कसा शिकले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी रात्रीच्या एका कबड्डी स्पर्धेत शेजारी शेजारी दोन मॅटवर सामने चालले होते. आयोजकांनी दुसरा फिजिओ आणला नव्हता. मी एका मॅटवर थांबले आणि दुसऱ्यावर इंटर्नला उभे केले, कारण मुलगा हुशार होता. पकडीत एका चढाईपटूचे डोके बचावपटूच्या गुडघ्यावर आपटले. मुलगा धावला, खेळाडूने ‘काही नाही झालं’ म्हटले, प्रशिक्षकाने ‘पाणी मारा आणि सोडा’ म्हटले, आणि तो खेळत राहिला. सामना संपल्यावर खेळाडूला गुण किती झाले ते आठवेना. तो पुढे बरा झाला, ते नशीब. त्या इंटर्नला डोक्याच्या मारासंबंधी सगळे ठाऊक होते. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मात्र मी त्याला दिला नव्हता आणि तो आपल्याजवळ नाही हे त्याला माहीत होते. चूक माझी होती.

तेव्हापासून हा भाग मी पुढील क्रमाने करून घेते.

६.१ अधिकार आधी जाहीर करणे. सामन्यापूर्वी पंच आणि दोन्ही प्रशिक्षकांना विद्यार्थ्यासमोर सांगावे: ‘डोक्याला मार लागल्याची शंका आली आणि हा बाहेर काढा म्हणाला, तर खेळाडू बाहेर येईल. परत पाठवण्याचा निर्णय आज कोणीही घेणार नाही.’ विद्यार्थ्याकडे खेळाडूला परत मैदानात उतरवण्याचा अधिकार कधीच नसतो, बाहेर काढण्याचा मात्र पहिल्या दिवसापासून असतो.

६.२ वेळेचा हिशेब समजावणे. मेंदूच्या धक्क्याच्या तपासणीसाठी वापरला जाणारा स्कॅट ६ हा फॉर्म नीट भरायला १० ते १५ मिनिटे लागतात. तो १३ वर्षे आणि त्यापुढील खेळाडूंसाठी आहे, ८ ते १२ वयासाठी वेगळा आहे. कबड्डीत संघाला मिळणारा टाइम-आउट अर्ध्या मिनिटाचा. अर्ध्या मिनिटात ही तपासणी होऊ शकत नाही, म्हणून शंका म्हणजेच बाहेर. हा हिशेब विद्यार्थ्याला दिला की त्याला प्रशिक्षकाशी वाद घालावा लागत नाही.

६.३ तोंडात वाक्य बसवणे. प्रशिक्षक वयाने, मानाने मोठे असतात आणि ‘बाळा, नुसती पट्टी मार’ असे प्रेमाने म्हणतात. विद्यार्थ्याला उत्तर तेव्हा सुचत नाही. म्हणून ते आधी म्हणून घ्यावे: ‘सर, आज त्याला बसवू या. मॅडम येऊन तुमच्याशी बोलतील.’ आवाज न चढवता, खेळाडूच्या शेजारी बसून. मी स्वतः प्रशिक्षक होऊन हा प्रसंग विद्यार्थ्यांकडून वठवून घेते आणि दर वेळी थोडी अधिक चिडते.

६.४ धोक्याच्या खुणा. मानेत दुखणे, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, झटका, दुहेरी दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, शुद्ध हरपणे, वाढती बेचैनी. यांपैकी एकही असल्यास खेळाडूला हलवू नये, मला आणि १०८ ला बोलवावे. पाणी पाजू नये.

६.५ उन्हाळा. ऑक्टोबरच्या दुपारी किंवा मे महिन्यात टर्फवर सामना असेल तर उष्माघाताची तयारी वेगळी करावी: मोठा टब किंवा जाड ताडपत्री, भरपूर बर्फ आणि पाणी. खेळाडू गोंधळलेला, अडखळत बोलणारा किंवा कोसळलेला असेल, तर काखेतल्या किंवा कानातल्या थर्मामीटरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण व्यायामानंतर तो शरीराच्या आतील तापमानापेक्षा बराच कमी येऊ शकतो. क्रम असा: १०८ ला फोन आणि त्याच क्षणी गार पाण्यात बुडवून थंड करणे, आधी थंड करणे, मग हलवणे. विद्यार्थी नेहमी उलट करतात आणि रिक्षा शोधू लागतात.

इशारा: दोन मैदाने आणि एक फिजिओ अशी मागणी आयोजकांकडून आली तर नकार द्यावा. विद्यार्थ्याला दुसरा फिजिओ धरू नये.

## टप्पा ७: अभिप्राय आणि नोंदी

अभिप्राय त्याच दिवशी, एकांतात आणि एका वेळी एकाच गोष्टीवर द्यावा. ‘छान केलंस’ हा अभिप्राय नव्हे. ‘तू खाली बसून खेळाडूच्या डोळ्यांच्या पातळीवर बोललास, त्यामुळे तो शांत झाला’ हा आहे. चुकीचेही तसेच. ‘तुझं लक्ष नसतं’ यावर विद्यार्थी काहीच करू शकत नाही. ‘तू इतिहास घेताना तीन वेळा घड्याळ पाहिलंस’ यावर करू शकतो. आधी त्याला स्वतःला काय खटकले ते विचारावे. बहुधा तो तुमच्यापेक्षा कठोर निघतो आणि तुमचे काम सांत्वनाचेच उरते.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटे बसून बोलावे. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्याने झालेले बोलणे यात धरू नये.

लॉगबुकवर फक्त स्वतः पाहिलेल्या कौशल्यावर सही करावी. शेवटच्या दिवशी एकगठ्ठा चाळीस सह्या मागायला येणारा विद्यार्थी हा मार्गदर्शकाच्या आळशीपणाचा परिणाम असतो. खेळाडूंची छायाचित्रे, एक्स-रे, नावे विद्यार्थ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगावे आणि अधूनमधून पुन्हा सांगावे.

## टप्पा ८: अडखळणारा विद्यार्थी आणि शेवटचा आठवडा

पोस्टिंगच्या मध्यावर लेखी मूल्यमापन करावे, मग ते महाविद्यालयाने मागितलेले नसले तरी. तीन रकान्यांचा कागद समोर ठेवला की ते अर्ध्या तासात होते. विद्यार्थी मागे पडत असेल तर त्याच आठवड्यात जबाबदार शिक्षकाला फोन करावा आणि पुढील दोन आठवड्यांत नेमके काय दिसले पाहिजे ते तिघांनी मिळून लिहावे. अखेरच्या दिवशी नापास करणारा आणि दयेपोटी पास करणारा, हे दोघेही मध्यावर बोललेले नसतात.

मागे पडण्याची कारणे निरनिराळी असतात आणि उपायही. ज्ञान कमी असेल तर वाचन देता येते. हात कच्चा असेल तर निरोगी गुडघे देता येतात. पण ज्याने न केलेली तपासणी केली असे लिहिले, त्याच्याबाबतीत जास्तीचा सराव हा उपाय नाही. त्याचे काम त्या दिवशी थांबवावे आणि महाविद्यालयाला लेखी कळवावे.

शेवटच्या आठवड्यात नवी केस देऊ नये. विद्यार्थी पाहत असलेल्या प्रत्येक खेळाडूची एकेक पानाची नोंद त्याने तयार करावी: काय झाले होते, आज कुठवर आले आहे, पुढचा व्यायाम कोणता, काय दिसल्यास थांबायचे, प्रशिक्षकाला काय सांगितले आहे. मग त्याने खेळाडूला स्वतः भेटून ‘शुक्रवारनंतर मी नसेन, पुढे मॅडम बघतील’ असे सांगावे. खेळाडूंना हे कोणी सांगत नाही आणि सोमवारी ते पायाला बर्फ बांधून त्याचीच वाट पाहत बाकावर बसलेले असतात. ती पाने विद्यार्थ्यासमोर वाचावीत, जिथे अडेल तिथे त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावीत, आणि त्यानंतर लॉगबुकच्या शेवटच्या पानावर सही करावी.